लॅव्हेंडर-ऑलिव्हची रब्बी बाग: साताऱ्या-सांगलीत भूमध्य हवामानाची झाडं कशी जगवायची

दर ऑगस्टात ओळखीपाळखीच्या लोकांकडून मला एकच फोटो येतो. कुंडीत लॅव्हेंडर, खालची पानं काळी पडलेली, शेंडा मान टाकलेला, आणि फोटोखाली प्रश्न, "पाणी कमी पडतंय का?" अहो कमी कुठलं, जास्त झालंय, आणि ते तुम्ही घातलेलं नाही, आभाळानं घातलंय. आता त्या झाडाला वाचवायला गेलात तरी उपयोग नाही, पण पुढचं झाड जगवायचं असेल तर हे सगळं नीट वाचा, जरा लांबलंय पण घाईत सांगण्यासारखं नाहीच ते.

आधी हवामान समजून घ्या कारण सगळं घोडं तिथंच अडतं. जगात पाचच भाग असे आहेत जिथं पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा ठणठणीत कोरडा जातो: भूमध्य समुद्राचा काठ, कॅलिफोर्निया, चिलीचा मधला पट्टा, दक्षिण आफ्रिकेतला केप टाउनकडचा कोपरा, आणि ऑस्ट्रेलियाचा नैऋत्य-दक्षिण भाग. लोकांना वाटतं ही झाडं थंड देशातली, आपल्या उन्हात होरपळतील. तसं काही नाही, ऊन त्यांना सवयीचं आहे. पावसाचा आकडा बघितला तरी फार फरक नाही, अथेन्सला वर्षाला साधारण ४०० मिमी पडतो, केप टाउनला ५०० च्या आसपास आणि आपल्या सांगलीला ६०० च्या आसपास. फरक आहे तो कधी पडतो याचा. तिकडं माती गरम असते तेव्हा ती कोरडी असते, आणि ओली असते तेव्हा ती गार असते. आपल्याकडं जून ते सप्टेंबर माती गरम आणि ओली, दोन्ही एकदमच. मुळं कुजवणाऱ्या फायटोफ्थोरासारख्या बुरशांना नेमकं हेच पायजे असतं, आणि या झाडांना लाखो वर्षांत असल्या मातीशी कधी गाठच पडलेली नाही त्यामुळं त्यांच्याकडं त्यावर उत्तर नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, या झाडांना रब्बीचं पीक समजा. गहू, हरभरा, जवस, कोथिंबीर, मेथी ही सगळी मंडळी मुळात त्याच भूमध्य-पश्चिम आशियाच्या पट्ट्यातली आहेत आणि आपल्या बापजाद्यांनी त्यांना बरोबर पाऊस संपल्यावर, थंडीच्या तोंडावर पेरायला घेतलं. हरभरा तर काळ्या रानात नुसत्या ओलीवर येतो. तासगावच्या द्राक्षबागा बघा, द्राक्षाचं मूळ पण तिकडचंच, पण आपले बागायतदार एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी करून वेलीचं अख्खं वर्ष आपल्या सोयीनं फिरवतात. आटपाडीचा डाळिंबवाला बागेला ताण देऊन बहार धरतो. म्हणजे ज्ञान आपल्या जिल्ह्यात आधीच आहे, फक्त ते कुंडीतल्या झाडाला लावायचं.

झाड निवडताना कॅटलॉगमधला फोटो बघू नका, त्याच्या मूळ गावात ते कोरडा उन्हाळा कसा चुकवतं ते बघा. चार तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा, उन्हाळ्याआधी मरून जाणारी. थंडीत उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि संपायचं. यांना आपला पाऊस कधी दिसतच नाही म्हणून सुरुवात इथनंच करा. कॅलिफोर्निया पॉपी, क्लार्किया, नेमोफिला, चिलीचा शायझँथस, नायजेला, बोराज, आणि स्वीट पी. स्वीट पी सिसिलीचं रानफूल, तिथल्या कुपानी नावाच्या एका धर्मगुरूनं १६९९ मध्ये त्याचं बी इंग्लंडला पाठवलं आणि तिथनं ते जगभर गेलं. आपल्याकडं अँटिरायनम, स्टॉक, कॅलेंडुला, अलिसम ही सीझनलची रोपं थंडीत हातगाडीवर मिळतात ना, ती पण सगळी त्याच घराण्यातली. म्हणजे तुम्ही भूमध्य बाग आधीच करताय, फक्त माहीत नव्हतं.

दुसरी तऱ्हा, जमिनीखाली झोपणारी. केपचे, म्हणजे केप टाउनकडचे, कंद. फ्रीझिया, स्पॅरॅक्सिस, इक्सिया, बाबियाना, लाशेनालिया. ऑक्टोबरात जागे होतात, जानेवारी ते मार्च फुलतात, एप्रिलात पानं पिवळी करून आत जातात. पावसाळ्यात यांना कोरडं ठेवता येतं, कारण काढून थेट कपाटातच ठेवता येतं! माझ्या मते आपल्या हवामानाला सगळ्यात फिट बसणारा प्रकार हाच आणि लोक नेमकं याच्याकडं दुर्लक्ष करतात.

तिसरी, चिवट चामडी पानांची. ऑलिव्ह, कॅरोब, खरं बे लॉरेल, मर्टल. पान जाड, गुळगुळीत, पाणी घसरून जातं. निचरा चांगला असेल तर ही उघड्यावरचा पाऊस पण काढतात, निदान साताऱ्या-सांगलीचा. महाबळेश्वरचा साडेपाच हजारांच्या वरचा पाऊस यात धरू नका, तिथं छप्पर लागणारच. अंजीर, डाळिंब, कण्हेर यांच्याबद्दल वेगळं लिहीत नाही, ती आता आपलीच झालीत.

चौथी, लोकरीच्या आणि चंदेरी पानांची. इंग्लिश लॅव्हेंडर, सँटोलिना, लॅम्ब्स इअर, सिस्टस. पानावरची लव मूळ गावात ऊन परतवायला असते, इथं ती पाणी धरून ठेवते आणि पान आतनं सडतं. नियम साधा ठेवा, पान बोटाला जितकं मखमली लागेल तितका पावसाळा त्याला जड जाणार. घ्यायचीच असतील तर छपराची सोय आधी करा, रोप नंतर आणा.

काही झाडांच्या तर नादाला लागूच नका. केपची प्रोटिया आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाचे बँक्सिया दिसायला भन्नाट असतात पण त्यांची मुळं फॉस्फरस शोषायला इतकी तरबेज असतात की आपल्या मातीतला, डीएपीतला, हाडांच्या खतातला फॉस्फरस त्यांना विष होतो, वर परत मूळकुज आहेच. त्या कुळातलं काहीतरी हवंच असेल तर ग्रेव्हिलिया घ्या, ते त्यातल्या त्यात समजूतदार. सिल्व्हर ओक म्हणजे ग्रेव्हिलियाच, पाचगणीला रांगांनी उभे आहेत ना तेच, पण तो पूर्व ऑस्ट्रेलियाचा, उन्हाळी पावसाची सवय असलेला, म्हणून तर आपल्याकडं रमला. कॅलिफोर्नियाचा सिअॅनोथस पण सोडून द्या, गरमीत पाणी मिळालं की मेलाच.

आता जागा. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या किंवा यवतेश्वरच्या पायथ्याला राहत असाल तर नशीबवान आहात, खाली मुरूम, जमिनीला उतार, पाणी आपोआप पळतं. सांगलीत, मिरजेत, कृष्णाकाठी काळी माती. काळी माती चुनखडीची असते आणि लॅव्हेंडर, रोझमेरी, ऑलिव्ह, कॅरोब यांना चुना आवडतो, म्हणजे मातीचा गुण बरोबर आहे फक्त तिचा निचरा नाही. तिथं जमिनीत लावायचा हट्ट करू नका, वाफा दीड-दोन फूट उचला नाहीतर कुंडी. आणि नदीजवळच्या लोकांनी २०१९ चा पूर आठवावा, किमती झाडं गच्चीवर बरी.

निचरा मोजायची पद्धत सांगतो. एक फूट खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरा, जिरू द्या, मग परत भरा आणि पट्टी लावून बघा. दुसऱ्या वेळी तासाला इंचभर तरी पाणी खाली गेलं पायजे. दोन-तीन इंच गेलं तर उत्तम. सकाळी भरलेला खड्डा संध्याकाळी तसाच डबडबलेला असेल तर त्या जागी अळू लावा, फार छान येईल.

कुंडीचं मिश्रण. इथं नर्सरीवाल्यांचं ऐकू नका, ते कोकोपीट आणि गांडूळखत सांगणार. मी हे वापरतो: चाळलेला मुरूम चार पाट्या, क्रशसँड किंवा धुतलेली जाड वाळू दोन पाट्या, साधी माती एक, आणि वर्षभर कुजलेलं शेणखत एक. मुरूम आधी मोठ्या चाळणीनं चाळायचा म्हणजे ढेकळं जातात, मग बारीक चाळणीनं चाळून धूळ काढून टाकायची, मधला हरभऱ्याएवढा ते ज्वारीएवढा माल ठेवायचा. ही धूळ काढायचा कंटाळा बहुतेक जण करतात आणि मग दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत ती खाली बसून कुंडीच्या तळाला सिमेंटसारखा थर होतो. मिश्रण तयार झालं की ओलं करून मुठीत दाबा, मूठ उघडल्यावर गोळा राहायला नको, फुटला पायजे. कुंडी मातीचीच, न रंगवलेली, कुंभाराकडची. तिच्या अंगातनं पाणी उडतं. खाली तीन विटांचे तुकडे ठेवा, ताटली अजिबात ठेवू नका, आणि झाडाच्या बुडख्याभोवती इंचभर बारीक खडी पसरा म्हणजे पावसाचे शिंतोडे उडून माती पानांना लागत नाही. पालापाचोळ्याचं आच्छादन इतर बागेत चांगलं, इथं नको.

कुंड्यांसाठी लाल माती आणायला कास पठाराकडं किंवा जंगलात जाऊ नका, एवढं सांगायला लागतंय हेच वाईट.

रोपं-बिया कुठनं आणायच्या

हा भाग सगळ्यात त्रासाचा. महाबळेश्वर-पाचगणीच्या नर्सऱ्यांत जिरेनियम, अगापँथस, सुगंधी पानांची पेलार्गोनियम मिळून जातात. पुणे-सोलापूर रोडला उरुळी कांचनचा नर्सरी पट्टा आहे, तिथं एक दिवस काढून चालत फिरा, गाडीतनं बघून काही सापडत नाही, रोझमेरी, मर्टल, ऑलिव्ह अशी झाडं मागच्या कोपऱ्यात पडलेली असतात आणि कधी कधी मालकालाही नाव माहीत नसतं. कराडला नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाणांच्या पुण्यतिथीच्या सुमारास कृषी प्रदर्शन भरतं, तिथल्या नर्सरीच्या स्टॉलवर सुगंधी तेलाच्या झाडांची रोपं विचारून बघायला हरकत नाही, कारण जिरेनियमची तेलासाठी शेती आता राज्यात बरीच जण करतात. कंद आणि सक्युलंट कालिम्पाँगकडनं येतात, थंड हवेची रोपं उटी-बेंगळुरूकडनं, दोन्ही ऑनलाइन मागवता येतात. मागवायचं ते नोव्हेंबर ते जानेवारीत. एप्रिलात कुरिअरच्या गाडीत चार दिवस बंद खोक्यात राहिलेलं रोप उकडूनच येतं.

नावाची खात्री करून घ्या कारण फसवाफसवी चालते, कधी मुद्दाम, बऱ्याचदा अज्ञानानं. बे लॉरेल म्हणून तमालपत्राचं रोप देतात, ओळख सोपी आहे, तमालपत्राच्या पानावर देठापासून टोकापर्यंत तीन लांब शिरा दिसतात, बे लॉरेलला मधे एकच शीर आणि तिला बाजूनं फाटे. मर्टल विलायती मेंदी म्हणून विकतात, पान चुरगाळा, सुगंध आला तर खरं. ऑलिव्हचं पान अरुंद, समोरासमोर जोडीनं, खालनं चंदेरी, असं नसेल तर ते दुसरं काहीतरी आहे. आणि लॅव्हेंडरचं बी, ऑनलाइन पाकिटावर जांभळ्या शेतांचा फोटो असतो, आत बहुतेक वेळा इंग्लिश लॅव्हेंडर. त्याला कडक थंडी आणि लांब दिवस मिळाल्याशिवाय फुलं नीट येत नाहीत, आपण १७-१८ अंश अक्षांशावर, आपला जूनचा दिवस पण तेरा तासांच्या थोडाच वर जातो आणि थंडी तर १२-१३ अंशांची. काश्मीर-भदरवाहकडं जे लावतात ते तिकडंच राहू द्या. आपल्याला फ्रेंच लॅव्हेंडर पायजे, पानाच्या कडा कंगव्यासारख्या दातेरी असतात ते, दमट हवा त्यातल्या त्यात तेच सोसतं, आणि ते बियांपेक्षा फाट्याचं, म्हणजे काडी टोचून केलेलं, रोप म्हणून घ्या.

जाता जाता, आपल्या सह्याद्रीत लॅव्हेंडरच्या वंशातली रानटी झाडं आहेत बरं का. घोडेघुई त्यातलीच, पाऊस सरला की डोंगरउतारावर फिकट निळसर तुरे दिसतात, वर्षभरात संपणारं झुडूप. ते उपटून आणू नका, टिकत नाही. पण ते फुलतं कधी बघा, पाऊस गेल्यावर. तसंच केपरचं, लोणच्याच्या कळ्या म्हणून बाटलीत मिळतं ते, त्याचा सख्खा चुलतभाऊ म्हणजे आपली वाघाटी, आषाढीचा उपास सोडताना द्वादशीला जिची भाजी करतात ती. केपरचं बी उगवायला महिनोन्महिने रडवतं, कुंपणाला काटेरी वेल पायजे असेल तर वाघाटी लावा, पांढरी फुलं नंतर गुलाबी होतात, फार देखणी.

परदेशातनं बी मागवायचं डोक्यात असेल तर कायदा वाचा. २००३ च्या प्लँट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणं लागवडीसाठी बी-रोप-कंद आणायला आयात परवाना आणि तिकडचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचा दाखला, लागतो. कुणीतरी म्हणणार, अहो पाकिटात घालून येतं, काही होत नाही. होतं, आणि झालं तर नुकसान तुमच्या कुंडीचं नाही, शेजारच्या तासगावच्या बागांचं. इथलेच काही विक्रेते कागदपत्रांसह आणतात, त्यांच्याकडनं घ्या. आणि दक्षिण आफ्रिकेची ती गोट्यांसारखी दिसणारी कोनोफायटम स्वस्तात दिसली तर विचारा की बियांपासून वाढवलेली आहेत का, कारण तिकडं डोंगरावरनं चोरून उपटायचा मोठा धंदा चाललाय.

रोप घरी आलं की लगेच लावू नका. पॉलीहाऊसच्या रोपाच्या मुळांभोवती कोकोपीटचा गोळा असतो. तो तसाच मुरमात ठेवला की बाहेरची माती वाळते आणि आतला गोळा ओला राहतो, रोप नेमकं तिथंच कुजतं. आठवडाभर सावलीत ठेवा, मग कुंडीतनं काढून गोळा बादलीभर पाण्यात बुडवून बोटांनी हळूहळू सोडवा. पांढरी टणक मुळं ठेवायची, तपकिरी झालेलं मूळ चिमटीत धरून ओढा, साल मोज्यासारखी निघून आत नुसता दोरा राहिला तर ते मूळ मेलेलं, कापून टाका. अर्धंअधिक कोकोपीट निघालं तरी बास. हे काम फक्त थंडीत.

लावायचं कधी? हस्ताचा पाऊस संपू द्या, चित्रा नक्षत्र लागलं की म्हणजे दहा ऑक्टोबरच्या पुढं तयारी, आणि स्वातीत, दिवाळीच्या मागंपुढं, पेरणी-लागवड. परतीचा पाऊस रेंगाळला तर तुम्ही पण रेंगाळा.

कॅलिफोर्निया पॉपी जागेवरच पेरायची, तिचं मूळ सरळ खोल जातं, उपटून दुसरीकडं लावलं की रुसते. बी वाळूत मिसळून फेकायचं, वर नखाएवढा मातीचा थर, हलकं पाणी. दाट उगवली तर निर्दयपणे विरळ करा, दोन रोपांत वीतभर अंतर. मार्चमध्ये शेंगा उभ्या काड्यांसारख्या होतात आणि वाळल्या की कट्कन फुटून बी लांब उडतं, म्हणून पिवळ्या झाल्या की सकाळीच कापून कागदी पिशवीत घालून ठेवा, दुपारभर पिशवीत टकटक आवाज येत राहतो, पोरांना फार मजा वाटते. स्वीट पीचं बी रात्रभर भिजवा, जे फुगलं नाही त्याला नेलकटरनं बारीक खाच द्या. त्याला जाळी किंवा तुऱ्हाट्यांचा आधार. स्वीट पीच्या शेंगा खायच्या नाहीत, विषारी आहेत, घरात लहान मुलं असतील तर मटारच्या वाफ्याजवळ लावूच नका.

फ्रीझियाचा कंद टोक वर करून दोन इंच खोल, दोन-दोन इंचावर. त्याला फुलायला रात्रीचा गारवा लागतो म्हणून सांगलीत उशिरा, नोव्हेंबरच्या मध्यावर लावा आणि भिंतीचं तापणारं ऊन टाळा, साताऱ्यात जरा लवकर चालतं. फुलं गेली की लोक पाणी बंद करतात, तसं करू नका, पानं हिरवी आहेत तोवर पुढच्या वर्षीचा कंद भरत असतो. पानं पिवळी पडल्यावर पाणी तोडा, मेच्या सुरुवातीला कंद काढा, माती झाडा, कांदा टांगतो त्या जाळीच्या पिशवीत घालून वारं लागेल अशा खोलीत टांगा. फ्रिजमध्ये नको.

कॅरोबचं बी दगडासारखं असतं. उकळी बंद केलेलं पाणी त्यावर ओता, चोवीस तास ठेवा, फुगलेलं पेरा, न फुगलेल्यावर तीच क्रिया परत. उंच पिशवीत लावा कारण मूळ सरळ खाली धावतं. नर-मादी झाडं वेगळी असतात, एकच लावून शेंगांची वाट बघू नका, नुसत्या सावलीसाठी लावा, सावली फार घट्ट पडते. ऑलिव्हच्या फळाचीही अशीच वाट बघू नका. राजस्थानात इस्रायलच्या मदतीनं लागवड झाली, अर्बेक्विना, कोरोनेकी, बार्निया असल्या जाती आल्या, पण तिकडची थंडी आपल्याकडं नाही. अर्बेक्विनाला थंडी कमी लागते म्हणून मागायची तर तीच मागा, आणि फळ आलं तर बोनस समजा. पण झाड म्हणून ऑलिव्ह इतकं देखणं असतं की माझी सांगलीची आत्या म्हणते, "फळ बाजारात मिळतंय, ही पानं मिळतात का?"

केप आणि ऑस्ट्रेलियाच्या काही बियांचं एक वेगळंच त्रांगडं आहे. त्या भागात दर काही वर्षांनी वणवा लागतो आणि बी वणव्याची वाट बघत मातीत पडून राहतं. १९९० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की उगवण जागी होते ती धुरामुळं, नुसत्या उष्णतेमुळं नाही. पुढं २००४ मध्ये धुरातलं नेमकं द्रव्यसुद्धा सापडलं. हा धूर कुठल्याही वाळल्या झाडपाल्याचा चालतो, आणि आपल्याकडं उसाच्या पाचटाला काय तोटा? ट्रेमध्ये बी पेरा, माती ओलसर ठेवा, ट्रेवर मोठा रिकामा ड्रम किंवा टब पालथा घाला, शेजारी जुन्या डब्यात थोडं ओलं थोडं वाळलं पाचट पेटवून जाळ न करता नुसतं धुमसत ठेवा, आणि पत्र्याच्या लांब पाइपनं धूर टबाखाली सोडा म्हणजे येता येता थंड होतो. तासभर बास. नंतर आठ-दहा दिवस अगदी हलक्या झारीनं पाणी, म्हणजे धुराचा अंश वरनं बियांपर्यंत उतरतो. उघड्यावर करा, शेजाऱ्यांना आधी सांगून करा. पॉपी, स्वीट पी, फ्रीझिया यांना हे काही लागत नाही, उगाच सगळ्यांना धुरी देत बसू नका. रेस्टिओ, केपची एरिका असलं काही हातात आलं तरच.

पाणी कसं द्यायचं

थंडीत ही झाडं वाढतात म्हणून तेव्हा भरपूर, पण दोन पाण्यांत माती वरनं दोन इंच सुकू द्यायची. बोट घाला, ओल लागली तर झारी खाली ठेवा. कुंडीला साधारण चार-पाच दिवसांनी, जमिनीत पहिल्या वर्षी आठ-दहा दिवसांनी. सकाळी, बुडाशी, पानांवर नाही. खत म्हणाल तर ऑक्टोबरात मूठभर कंपोस्ट, संपलं. युरिया दिला की लुसलुशीत फुटवा येतो, त्यावर मावा-मिलीबग बसतात आणि सुगंध पण उतरतो.

बोअरचं पाणी खारट असेल, तासगाव-मिरज पट्ट्यात असतंच, तर कुंडीच्या बाहेरनं पांढरी पापडी येते. थंडीत एकदा पावसाचं साठवलेलं किंवा नळाचं पाणी कुंडीच्या तिप्पट ओतून मीठ धुवून काढा. ऑलिव्ह-रोझमेरी बऱ्यापैकी सोसतात, कंद आणि ग्रेव्हिलिया नाही.

मार्चनंतर हात आखडायचा. एप्रिल-मेमध्ये दुपारी रोझमेरी मलूल दिसली की घरातलं कुणीतरी प्रेमानं तांब्याभर पाणी ओततंच, त्यांना आधीच सांगून ठेवा. डाळिंबाला जसा ताण देतो तसाच हा ताण आहे, झाड मरत नाही, थांबतं. उन्हानं माती लवकर वाळते म्हणून पाळी लवकर येते, पण कुंडीला थोडंच, दोन-तीन दिवसांनी पहाटे, जमिनीतल्याला आठवड्यातनं एकदा पण खोलवर. नवीन रोपांना पहिल्या उन्हाळ्यात दुपारपुरती ५० टक्क्यांची शेडनेट, जुन्यांना काही नको. इओनियम तर उन्हाळ्यात पानं मिटून झोपतो, त्याला उठवू नका.

खरी परीक्षा पहिल्या वळवाला. मेमध्ये तापलेल्या मातीवर एकदम धो धो पाऊस पडतो, नंतर परत कडक ऊन, माती वाफाळते. जूनच्या संततधारेपेक्षा मला याचीच भीती जास्त. म्हणून रोहिणी निघायच्या आत, म्हणजे २०-२२ मेपर्यंत, ही तयारी झालेली असू दे. लॅव्हेंडर, रोझमेरी, सेज यांची तिसरा हिस्सा छाटणी, आतली दाट काडी काढून वारं खेळेल असं झुडूप मोकळं करायचं, पण खालच्या नुसत्या लाकडापर्यंत कधी कापू नका, लॅव्हेंडर तिथनं फुटत नाही. कुंड्या छपराखाली. छप्पर म्हणजे पारदर्शक पॉलीकार्बोनेट पत्रा किंवा ग्रीनहाऊसचा २०० मायक्रॉनचा यूव्ही कागद, पश्चिमेकडं उतार देऊन, कारण पावसाचा मारा तिकडनंच येतो, आणि चारही बाजू उघड्या. बाजू बंद केल्या की आत दमट भट्टी होते, मग छपराशिवाय परवडलं. कुंड्यांत हातभर अंतर. छपराखाली गेल्या म्हणजे पाणी विसरायचं असं पण नाही हां, बारा-पंधरा दिवसांनी कडेकडेनं थोडं द्यायला लागतं, भर पावसात तहानेनं मेलेली रोझमेरी पण बघितलीय मी लोकांकडं.

जमिनीतल्या ऑलिव्ह-मर्टलच्या बुडाशी पाणी साचत नाही ना हे पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन स्वतः जाऊन बघा, आळं असेल तर फोडून टाका आणि उलट मातीची भर द्या. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी, कृषी सेवा केंद्रात मिळतो, मेमध्ये शेणखतात मिसळून बुडाशी घातला तर आधीपासून थोडं संरक्षण राहतं, पण फायटोफ्थोरा घुसल्यावर त्याचा काही उपयोग नाही. बागायतदार फोसेटिल नावाचं बुरशीनाशक वापरतात, ते कुंडीला देण्याआधी लेबल नीट वाचा आणि खायच्या हर्बला मारू नका.

एवढं सगळं करून पण लॅव्हेंडर आपल्याकडं दोन-तीन वर्षांचाच पाहुणा, हे मान्य करा म्हणजे त्रास होत नाही. त्यावर उपाय म्हणजे दर थंडीत फाटे. नोव्हेंबर ते जानेवारी, फूल नसलेली, बोटाएवढी कोवळी-निबर काडी, खालची निम्मी पानं काढून, निम्मा मुरूम निम्मी वाळू अशा ओलसर मिश्रणात, कुंडीच्या मधे नाही तर कडेला टोचायची, तिथं मुळं लवकर धरतात. वर पिशवी झाकू नका, रोझमेरी-लॅव्हेंडरचे फाटे त्यात कुजतात. चार-सहा आठवड्यांत हलकं ओढून बघा, अडलं तर मुळं आली. एक कुंडी स्वतःला, बाकी वाटून टाका, म्हणजे तुमचं गेलं तर मागायला जागा राहते.